बुडबुडा मधोमध होता

...आणि हत्यारांचा डबा आठ किलोचा होता की नऊ, हे शपथेवर विचाराल तर नाही सांगता येणार, माझ्या आठवणीचं काही खरं नाही. पण मुलगा वजनकाट्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभा होता, हे पक्कं. तुम्हाला सांगतो, परदेशात बारा दिवस गाडीतच राहायचं, गाडीतच शिजवायचं, गाडीतच झोपायचं, म्हणजे चाकांवरचं घरच की ते, आणि घरात हत्यारं नकोत? मी आपलं जुजबीच घेतलं होतं... पक्कड, पाने, सुतळी, चाकाखाली घालायच्या पाचरी, नळाचे वायसर, एक टॉर्च, आणि ती अंधारात सापडेना तर शोधायला दुसरी टॉर्च. मुलगा म्हणतो, "बाबा, आपण फिरायला चाललोय, पूल बांधायला नाही." म्हटलं, असू दे रे, लागतं, वेळेला लागतं!

शेवटी तह झाला. डबा न्यायचा, पण त्यातलं काहीच वापरलं गेलं नाही, तर परत आल्यावर अख्खा डबा भंगारात. आता मी एकतीस वर्षं कॉलेजात मोजमापातल्या चुका शिकवलेला माणूस, जन्मात खिळा सरळ ठोकलेला नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे डब्यात नुसती हत्यारं नव्हती हो, माझी अब्रू होती!

आणि भाड्याची गाडी निघाली कोरी करकरीत. नळ गळेना, दार कुरकुरेना, एक स्क्रू ढिला असेल तर शपथ! पण पहिल्याच संध्याकाळी मुक्कामाची जागा उतरती निघाली आणि मी डब्यातून पाणसळ काढली. ती हो, काचेच्या नळीत बुडबुडा असतो ती. ओट्यावर आडवी ठेवली, चाकाखाली पाचरी सरकवल्या, मुलाला म्हणतोय, थोडं पुढे... अजून... बास! बुडबुडा मधोमध. मुलगा म्हणाला, "बाबा, हे बरं आणलंत." अहो, पीएच.डी. मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

सकाळी ही म्हणते, "अहो, मी रात्रभर तुमच्या अंगावर घरंगळत होते." आता मला स्वतःवर शंका कायमचीच, गॅस बंद केला का ते मी तीनदा बघतो, पण यंत्रावर शंका? बुडबुडा मधोमध होता! मग रोज संध्याकाळी पाणसळ आणि रोज सकाळी हिचा कमरेला हात. सुनेच्या कपात चहा एका कडेला चढलेला. नातीची पेन्सिल टेबलावरून घरंगळत रोज माझ्याकडेच यायची. मला वाटायचं, प्रेम.

सहा वर्षांनी त्याच सहलीचा फोटो भिंतीवर लावायला सुतार आला. मी ऐटीत पाणसळ पुढे केली. त्यानं ती चौकटीवर ठेवली, चौकट जरा सरकवली, बुडबुडा मधोमध. मग तीच उलट्या टोकानं फिरवून ठेवली... बुडबुडा पार कडेला.

"काका, ही खोटी आहे. कधी फिरवून बघितली नाही?"

अहो, हे तर मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवायचो!

ही दारातच उभी, कमरेवर हात ठेवून. म्हणाली, "आता तरी टाकणार ना भंगारात?"

टाकतोय कशाला? सुतार गेल्यावर मी नीट मोजून खात्री करून घेतली, चांगली पाच वेळा. बरोबर दीड अंशानं चुकते. आणि किती चुकते ते एकदा कळलं, की मग... लागतं हो, वेळेला लागतं.