सदतीस की अडतीस

"हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण राहणार घरी?… पोचले का महालात?… मग घ्या न चेन! मले काहून फोन?"

कामिनीच्या एका हातात फोन आणि दुसरा हात कणकेत. फांद्या छाटायच्या छोट्या बॅटरीवाल्या मशीनची चेन आणायला तिचा नवरा अंकुश सकाळीच कळमेश्वरहून गाडीला किक मारून निघाला होता. जुनी चेन नमुना म्हणून कागदात गुंडाळली होती, आणि ती खाटेवर ठेवून हा शहाणा नागपूरला, महाल भागात!

"हो, इथंच आहे… कागदात, हो… अवं माय! नमुना घरी अन् तुमी दुकानात! हासू नका जी… कोण म्हणते? नंदिनीताई म्हणते?"

झालं. हे नाव ऐकलं की कामिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नंदिनी म्हणजे महालातल्या त्या मशीनच्या दुकानाची मालकीण. कळमेश्वरात दुकानं काय कमी होती? पण नाही, चेनला नुसती धार लावायची असली तरी स्वारी तिथंच जायची, आणि घरी येऊन कौतुक, की ताई नुसत्या आवाजावरून सांगते चेन बोथट झाली ते. दिवाळीपासून हेच चाललं होतं. ऐकून ऐकून कामिनीचे कान किटले होते.

"चेन फिरते ती पट्टी सहा इंचाची आहे, तुमालेच माहीत… फोटो पाठवू?… त्यात मोजता नाई येत? बरं. दात मोजू? थांबा."

तिनं हात पदराला पुसले, कागद सोडला आणि स्पीकर चालू करून फोन खाटेवर ठेवला.

"अठरा… अठराच आहेत जी, आंधळी आहे का मी?… वरचे नाई? मग सांगायचं न आधी!… हो, हो, कापते ते पातं नाई, खालचा दात. पट्टीच्या खाचेत जाते तो… हे तुमी सांगून राहिले का ती?… वाटलंच मले. तिलेच सगळं येते. मले काय, पोळ्या तेवढ्या येतात!"

पहिल्या दाताला तिनं कणकेचा ठिपका लावला, म्हणजे घोळ नको. एक, दोन, तीन करत फेरा पूर्ण केला. सदतीस. पुन्हा मोजले. पुन्हा सदतीसच. तोंड उघडून आकडा सांगणार, तेवढ्यात पलीकडून बाईच्या हसण्याचा आवाज आला.

"कोण हासलं?… कायले हासली ती?… चहा सांडला? कोणता चहा?… तिनं पाजला? अद्रकवाला?… घरी तर अद्रक टाकलं की पित्त होते न तुमाले! तिथं नाई होत?… मी कुठी ओरडून राहिली? मी चांगली बोलून राहिली."

चांगली कसली! डोळ्यांपुढे तिला कपबशीच दिसत होती. आता पाहूच म्हणावं या बाईची हुशारी. चेन बसलीच नाही की कळेल यांना, कोणाला किती समजते ते.

"मोजले, हो… अडतीस… पक्कं. दोनदा मोजले… रोलातून कापून देते न? मग कापू द्या… कापली की वापस नाई घेत? नाई तर नाई. तिले तर सगळं समजते… काय? नाई, मले नाई बोलायचं तिच्याशी. तुमीच बोला… अजी, नका देऊ फोन… हॅलो?… हो, मी कामिनी. नमस्कार."

आवाज एवढा साधा असेल असं तिला वाटलं नव्हतं. त्याचाही तिला रागच आला.

"हो, अडतीस… काहून, नसते का?… सहा इंचाले सदतीस लागते? आमची वेगळी असंन… एका कडीनं काय होते?… ढिली, बरं… उडते म्हणजे?… हातावर?… कोणाच्या?… तुमच्या मिस्टरांच्या?… दोन बोटं गेली?"

कामिनी खाटेवर बसली. उद्या अंकुश रुपरावजींच्या संत्र्याच्या बागेत सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायला जाणार होता. शिडीवर चढून, एका हातानं फांदी धरून, दुसऱ्या हातानं ती मशीन चालवणार होता.

"ताई, कापू नका!… कापली का?… नाई न? देवा रे… सदतीस आहेत. सदतीस… नाई, मोजायले नाई चुकली मी. मुद्दाम सांगितलं… तुमचा राग येते मले. हे घरी येऊन तुमचेच गुण गाते, अन् मी ऐकते… हो, जळते मी. खोटं काहून बोलू?… उडते हे नव्हतं माहीत, ताई. आईची शपथ."

पलीकडे नंदिनी बराच वेळ बोलत होती.

"काय म्हटलं आमच्या त्याईनं?… 'कामिनीनं मोजलं म्हणजे दुसऱ्यांदा पाहाचं काम नाई'?… असं म्हणाले?… दुकानात, सगळ्यांसमोर?… मले तर कधी नाई म्हटलं… ताई, त्याईले नका सांगू. पाया पडते तुमच्या."

फोन पुन्हा अंकुशच्या हातात गेला.

"हं… काई नाई, एक जास्त मोजला गेला होता… नाई जी, रडून नाई राहिली. कांदा चिरून राहिली… आमी दोघी काय बोललो ते तुमाले कायले पाहिजे?… हो, चांगली आहे. चांगलीच आहे बाई, म्यां कधी नाई म्हटलं?… अन् ऐका. एक नका घेऊ, तीन घ्या… काहून म्हणजे? घरात पडून राहतीन. पोळ्याच्या सणापर्यंत महालात जायाचं नाव नाई काढायचं. ठेवा!"