घरातली माणसं सोडून

—नाय, ते उत्तरं टिपायचं मशीन आधी पिशवीत टाक. मी यंदा काय सांगणार नाय. बस गो बाय, तू माज्या पोरीवाणी, तुज्यावर काय आरडू — पण तुज्या त्या सायबांना सांग, गोजाबाय काय बोल्ली ते! युनिव्हर्सिटीतनं आलेवते तिघं, एक कॉम्प्युटरवाला, एक समाजाचा अभ्यास करणारा, आन ती साथीच्या रोगांवाली बाई. गावात कोण कोणाकडं जातं त्याचं जाळं काढायचं म्हणं. जाळं! आमी काय मासं हाव?

तूच इचारलंस ना मागल्या साली, याच पडवीत बसून — अडीअडचणीला कोणाकडं जाता, घरातली माणसं सोडून सांगा. सांगितलं मी. महिपत सांगितला, त्याची गाडी हाय, दुखलंखुपलं तर शहापूरला नेतो. अंगणवाडीची पौर्णिमा सांगितली. हौसा कशाला सांगू? घरातली सोडून, तूच बोल्लीस! शेजारीण कसली — एक आंगण, दोन दारं, तिच्या चुलीवरचं कालवण मी न इचारता वाढून घेते. माज्या पोरीचं बाळंतपण तिनं केलं. मी टायफॉइडनं पडले तवा पेज तिनं भरवली. म्हशाच्या जत्रेत घोंगडी घेतली ती पण दोघींत एक. याला मदत म्हणायची? मदत परक्याकडं मागतात गो.

मंग विहारात भिंतीवर दाखवलंत ते चित्र — माणूस म्हंजी ठिपका, त्यानं ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडं रेघ. नावं नाय टाकली, कोण वळखायचं नाय म्हणं. अगो, घरं जिथल्या तिथं काढलीत, विहिरीपल्याड दोनच दारं — शेंबडं पोर वळखील! हौसाच्या ठिपक्यातनं रेघ निघाली ती माज्या दारात. आन तिच्याकडं कोणाचीच नाय. एक पण नाय. तुजा सायेब काठी लावून बोल्ला, हे माणूस एकटं हाय, याच्याकडं लक्ष द्याया पायजे. झालं, सगळ्या माना वळल्या तिच्याकडं. उठली, पदर सावरला, गेली. दुसऱ्या दिवशी आंगणात मधोमध काटक्यांचा कूड घातला तिनं.

मी काय कमी समजावलं? कुडावरनं हाका मारल्या, पोरीला पाठवली. मंग मला पण राग आला — तिनं माजं नाव घेतलं, म्हंजी मला परकी धरली ना तिनं? रुसायला मी पायजे! ...नाय, तसं पण नाय. ‘घरातली सोडून’ म्हणं, पण तिच्या घरात सोडायला हाय कोण? नवरा गेला, पोर नाय. मीच व्हते. कालवण अजून दोघींपुरतं होतं माज्या हातनं, कुत्र्याला घालते. परवा तापानं पडले, तर कुडापल्याड तिचा खोकला ऐकू येत व्हता. तिला माजं कण्हणं येतच असंल. नाय आली.

तू एक रेघ मार ना. माज्या दारातनं तिच्या दारात, एवढीशी. ...नाय मारता येत? एकदा सांगितलं ते बदलत नाय? वा गो वा! दोघींचं तोडलंत ते कसं बदललं मंग?

आन तू आत्ता तिच्याकडनंच आलीस, बघितलं मी. चा घेतलास. तोच प्रश्न इचारलास ना तिला? कोणाचं नाव सांगितलं तिनं यंदा? ...गुप्त? भिंतीवर दाखवलंत तवा कुठं गेलंवतं गुप्त? बरं, नाव नको सांगू. माजं घेतलं का, तेवढं सांग. नुसती मान हलव. ...

माज्याकडं बघ गो. खाली कशाला बघतेस?

...बरं. ऊठ आता. आसनगावची जीप जाईल तुजी.