चुकांची वही

तुम्हाला सांगतो, सेहेचाळिसाव्या वर्षी, पदवी नसताना, सर्व्हर सांभाळायच्या नोकरीची मुलाखत होती. जुनी नोकरी सुटून चार महिने झाले होते. तयारी म्हणून मी कामातल्या चुका लिहून ठेवलेल्या माझ्या जुन्या डायऱ्या काढून बसलो.

बायको म्हणाली, “चुका काहून पाठ करून राहिले तुम्ही? बरोबर उत्तरं पाठ करा नं!”

मुलाखतीत साहेबांनी पहिलंच विचारलं, “सगळ्यात मोठी चूक कोणती केली?”

मी सांगून टाकलं. नागपुरात बसून भिवापूरच्या मिरची गोदामातल्या सर्व्हरची फायरवॉल, म्हणजे बाहेरून कोणाला आत येऊ द्यायचं त्याचे नियम, बदलत होतो. एक ओळ चुकली आणि माझाच आत जायचा रस्ता बंद झाला. ती ओळ पुसायला एसटीने भिवापूरला जावं लागलं.

“आणि आता?”

“आता बदलाआधीच सोय करतो. दहा मिनिटांत मी ‘ठीक’ म्हटलं नाही, तर सर्व्हर आपोआप जुन्या सेटिंगवर येतो.”

साहेब शेजारच्या तरुण इंजिनिअरकडे वळले. “तू परवा गोंदियाले काहून गेला होता गा?”

“अशाच चुकीसाठी, सर.”

“मग लिहून घे नं!”

त्याने माझाच अर्ज उलटा केला आणि पेन काढलं.

“सावकाश लिहा,” मी म्हटलं, “ओळ चुकली तर पुन्हा गोंदिया.”