मल्लप्पाची गाडी आणि निळा खडू

अध्यक्षमहाराज, गल्लीतली लहानथोर मंडळी, पाळी सुटल्यावर घरी न जाता तसेच हितं आलेले मिलमधले बंधू, आणि गंगव्वा वहिनी.

मी भीमराव. पत्रेवाला. बादल्या, ट्रंका, नरसाळी करतो, तुम्हाला माहीत आहेच. सभेत उभं राहून बोलायची ही पहिलीच वेळ. घरी दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळेला मधेच अडकलो. आजही अडकलो तर सांभाळून घ्या. पण खाली बसा म्हणू नका. मला आज बोललंच पाहिजे.

मल्लप्पाला माती देऊन बारा दिवस झाले. मिलमध्ये कापड तपासता तपासता त्यानं टेबलावर मान टाकली, ती पुन्हा उचलली नाही. माझ्याआधीचे सगळे बोलले, तो शांत होता, सरळ होता, कुणाला उणा शब्द बोलला नाही. खरं बोलले. मी त्याच्या गाडीबद्दल बोलणार आहे. हसू आलं तर हसा. तो जिवंत होता तेव्हा हसलातच की. मीही हसलो.

दुष्काळाच्या साली करमाळ्याकडं एका मळ्यात त्याला ती गाडी दिसली. दोन माणसांची, टप नसलेली, शर्यतीची इंग्रजी गाडी. कुणी साहेब जाताना टाकून गेलेला. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. दाराला हात लावला की तांबडी भुकटी हातात यायची. मळेवाला म्हणाला, घेऊन जा, माझी जागा तरी मोकळी होईल. ती ट्रकमधून आमच्या बोळात उतरली तेव्हा मी म्हणालो, "मल्लप्पा, ही गाडी न्हाय. हा नुसता गंज हाय, गाडीच्या आकाराचा."

तो म्हणाला, "आकार हाय न्हवं? मग झालं की."

मंडळी, त्याला मिरवायचं नव्हतं. लग्नात त्यानं वहिनींना वळसंगहून बैलगाडीतनं आणलं होतं. त्याच वाटेनं एकदा ह्या गाडीत शेजारी बसवून त्यांना माहेरी न्यायचं, गावातनं सावकाश जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. माझ्याशी बोलला, वहिनींशी बोलला. तिसऱ्या कुणाशी नाही.

पैसा दोघांकडंही नव्हता. जे मिळेल ते वापरलं. साखर कारखान्यातली मळी पिंपात भरून आणली, तिच्यात सुटे भाग महिना महिना भिजत घातले. मळी गंज सोडवते. गल्लीभर वास सुटला आणि तुम्ही भांडायला आलात, आठवतंय का? दारांना रॉकेलच्या पिंपाचा पत्रा लावला. सीटमध्ये काथ्या भरला आणि वर डागी सोलापुरी चादर शिवली. चार वर्षं गेली. सगळे रविवार गेले.

आता माझं सांगतो.

गाडीच्या पोटाखाली तिचा कणा असतो. आम्ही त्याला चासी म्हणतो. सगळा भार त्याच्यावर. बाकी गाडी उभी राहिली, रंग तेवढा राहिला, आणि मी खाली सरकून हातोडी मारली तर कणा सात जागी आतून खाल्लेला. बोट आत जात होतं. मल्लप्पा वर उभा होता. त्यानं विचारलं, "कसं काय हाय रं?"

मी म्हणालो, "पक्कं हाय."

का म्हणालो? त्याचं मन मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. निम्मं खरं आहे. निम्मं असं की चार वर्षं मी सगळ्या बाजारात सांगत होतो, माझ्या हातातनं गेलेला पत्रा पुन्हा गंजत नाही. आणि सगळ्यात आधी बघायची जागा मी सगळ्यात शेवटी बघितली होती. तेवढी चूक कबूल करायला माझी जीभ उचलली नाही. सात भोकांत मी शिसं ओतलं. वर पुट्टी, वर पातळ पत्रा, वर काळा रंग. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

गाडी तयार झाली. मल्लप्पानं ती बोळाबाहेर काढलीच नाही. वर्ष गेलं. वहिनी विचारायच्या, तो म्हणायचा, पेट्रोल जरा उतरू दे. तुम्ही म्हणायचात, चिक्कू आहे, गाडीचा देव्हारा करून ठेवलाय. मीही म्हणालो. दर रविवारी मी त्याच्याकडं चहाला जायचो. गाडीच्या शेजारी बाज टाकलेली असायची. कप खाली ठेवला की तो विचारायचा, "भीमा, खालनं एकदा बघून येतोस का?"

"कशाला? पक्कं काम हाय."

"बरं," म्हणायचा. उठायचा आणि गाडीवर ताडपत्री ओढायचा.

परवा वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, ते तर न्हाईत. तुमी तरी त्या गाडीतनं मला वळसंगला सोडा. त्यांचं बोलणं होतं." त्या रात्री मी कंदील घेऊन गाडीखाली गेलो. माझी सात ठिगळं होती. प्रत्येक ठिगळाभोवती निळ्या खडूचा गोल होता. खडूवर वर्षाची धूळ होती.

मिलमधल्या बंधूंना समजलं. बाकीच्यांना सांगतो. मल्लप्पा जन्मभर कापडातली खोट शोधत होता. खोट सापडली की ओरडायचा नाही. निळ्या खडूनं गोल करायचा आणि तो तागा टेबलाखाली ठेवून द्यायचा. विणणारा पाळी सुटायचा भोंगा व्हायच्या आत आपणहून आला, माझंच चुकलं म्हणाला, तर दोघं मिळून दुरुस्त करायचे. वर साहेबाला कळायचं नाही. किती जणांचा पगार वाचला असेल. तुमच्यातलेच हात वर करतील.

त्यानं माझाही तागा टेबलाखाली ठेवला होता. वर्षभर. वहिनींचं ऐकून घेतलं, तुमची टिंगल सोसली, पण माझं नाव घेतलं नाही. दर रविवारी मला दार उघडून दिलं. आणि मी त्याचा चहा पिऊन घरी आलो.

वहिनी, हे तुम्हाला आज चारचौघांत कळतंय. एकटं गाठून सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. ते काम आठ दिवसांचं होतं. जाड पट्टी आणायची, सात जागी जोडायची. आठ दिवस. मी एक शब्द बोललो असतो तर तुम्ही मागच्या उन्हाळ्यातच त्याच्या शेजारी बसून वळसंगला गेला असता. आता मी ती जोडीन. उद्यापासून जोडीन. पण चालवायला त्याला कुठून आणू? मला माफ करा असं मी म्हणत नाही. करूही नका.

आता सगळ्यांनी उभं राहावं, ही विनंती. दोन मिनिटं आपण गप्प राहू. माझ्यासाठी तो वर्षभर गप्प राहिला, तुम्ही दोन मिनिटं त्याच्यासाठी राहा.

हा माझा शेवटचा शरणु घे, मल्लप्पा. भोंगा होऊन गेला, मला माहीत आहे. पण मी आलोय रे. माझंच चुकलं.