डावीकडचे बाबा

नाही हो मावशी, पडली नाही आई — पडली असती तर कळलं असतं ना मला. टीव्ही बघत होती. मला पहिल्यांदा खटकलं ते घड्याळ — भिंतीवरचं नाही, लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यात वेळ येते ना, ती टीव्हीवर अर्धी कापलेली. दादाच्या लग्नाचा व्हिडिओ लावला होता आईला, शूटिंगवाल्याने पेनड्राइव्हमध्ये दिलेला. टीव्हीला थेट लावला तर चालेना, म्हणून लॅपटॉपवरून केबल टाकली. चित्र आलं, पण चारी बाजूंनी बोटभर बाहेर गेलेलं. लॅपटॉपवर सगळं, टीव्हीवर मधलंच. आणि त्या बोटभरातच आमचे बाबा होते.

डाव्या कडेला. नवऱ्यामुलाचा बाप कडेला कसा, असंच ना? अहो, बुद्धवंदनेला सगळे उभे राहिले आणि हे तिकडे मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून बोलत होते. धावत आले आणि जागा मिळाली तिथे हात जोडून उभे. मधे या म्हटलं असतं तरी आले नसते, तसेच होते ते. गेल्या वर्षी गेले. हलता-चालता असा तेवढाच आहे त्यांचा व्हिडिओ आमच्याकडे, बाकी सगळे आधार कार्डासारखे फोटो — आई गं! काय वाजलं? स्ट्रेचर होय. मी दचकतेच अशी. आई म्हणते, पौर्णिमाच्या मागे कुणी शिंकायचं नाय.

तर आई म्हणाली, "तुझा बा नीट दिसत नाय गं." आणि खरंच अर्धेच होते — एक खांदा, एक हात. मलाही तेवढेच दिसत होते, मावशी, हे लक्षात घ्या. मग दादाला फोन लावला. कपिल, माझा मोठा भाऊ, रसायनीला कंपनीत आहे. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा. तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला होता म्हणून लागला. म्हणाला, "रडतेस काय, बीएस्सी ना तू? रिमोट घे, पिक्चर साइझमध्ये जा, स्क्रीन फिट कर. आणि पूर्ण आलं की सांग मला. सुटलो की फोन बघतो." आता इथे आल्यापासून लावतेय मी. नुसता वाजतो. त्या लॉकरमध्ये एकटाच वाजत असेल.

केलं स्क्रीन फिट. आणि मावशी, आलं हो! घड्याळ पूर्ण, बाबा पूर्ण — कोपरासकट, खिशातल्या पेनासकट, त्यांच्या पलीकडचा मंडपाचा बांबूसुद्धा. मी टाळी वाजवली. आई म्हणाली, "नाय आलं." म्हटलं, आहेत की. "कुठं हाय? ह्यो कपिल, ही सूनबाय, हे भंतेजी. तुझा बा नाय." मला वाटलं, तिच्या बाजूने काच चमकत असेल, म्हणून खिडकी लावली. मग वाटलं माझंच चुकलं असेल — कुणी नाही म्हटलं की माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वासच जातो. केबल काढून परत लावली. लॅपटॉपवर रिझोल्यूशन बदललं, तर चित्र मधे एवढंसं आणि भोवती काळ्या पट्ट्या. परत मोठं केलं. परत लहान. दर वेळी विचारायचं, आता? आणि दर वेळी आई — "नाय गं." सगळी दुपार तेच केलं मी. शेवटी ओरडले. म्हटलं, तू बघतच नाहीस नीट, मी काय टीव्हीत शिरू आता? असंच म्हटलं, ह्याच आवाजात. तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. येवढी माणसं आलीत, तेवढी बघते."

तेवढी बघते, म्हणाली.

मग मी चहा केला. म्हटलं, ओरडले ना, तर आलं जरा जास्त घालावं. तिने कप घेतला डाव्या हातात आणि तो कलंडला — सगळा मांडीवर, आत्ता गाळलेला गरम चहा — आणि आई टीव्हीकडेच बघतेय. हाय नाही, हुय नाही. तेव्हा घाबरले मी. धावत नाक्यावर गेले. दत्ताभाऊंची भाड्याची जीप भरत आली होती, त्यांनी बसलेल्या बायकांना उतरवलं — त्याच म्हणाल्या, जा रं जा आधी — आणि आमच्या कशेळ्याहून थेट इथे कर्जतला दवाखान्यात. वाटेत आई मलाच विचारतेय, "कुणाला बरं नाय गं?"

डॉक्टरांनी तिच्यासमोर दोन्ही बाजूंना बोटं धरली. उजवीकडची तिने बरोबर सांगितली. डावीकडे — "तिकडं काय नाय." डोळ्यांत दोष नाही म्हणाले, मेंदूत गुठळी असणार. डावीकडचं सगळं जातं, आणि गेलंय हे त्या माणसाला कळतसुद्धा नाही. मग मला विचारलं, कधीपासून? नीट आठवून सांगा, म्हणाले, गुठळी विरघळवायचं औषध ठरावीक तासांतच चालतं, नंतर दिलं तर उलटतं. मी म्हटलं, चहाच्या वेळेपासून. कप सांडला तेव्हापासून.

काय? टीव्ही तेव्हाही खराब होता का? — नाही, कुठे खराब होता. झाला होता ना नीट. चित्र पूर्ण होतं, फक्त आईला — हो, म्हणजे —

थांबा हो मावशी. एक मिनिट थांबा.

पण पहिल्यांदा तर टीव्हीचंच होतं ना? पहिल्यांदा मलाही अर्धेच दिसले होते बाबा. म्हणूनच तर मी — नंतर झाले पूर्ण. मला झाले.

आणि चटणी. टीव्हीच्या आधी चटणी झाली होती, बघा. जेवायला बसलो, मी ताट वाढलं, आपण वाढतो तसंच — डावीकडे मीठ, चटणी, उजवीकडे भाजी. आई म्हणाली, "चटणी नाय केलीस?" तिळाची, तिनेच सकाळी सांगितलेली. म्हटलं, समोर तर आहे. "कुठं?" मी हसले. म्हटलं, म्हातारी झालीस. आणि ताट धरून असं गोल फिरवलं — ही घे. "हां, हाय की!" तीपण हसली. दोघी हसलो आम्ही. आणि ताटाच्या अर्ध्या भागातला भात तसाच राहिला होता, तो मी बाहेर कोंबड्यांना टाकला.

ताट फिरवलं होतं मी, मावशी. फिरवलं आणि दिसलं तिला. मग टीव्हीच्या वेळी नुसती तिची हनुवटी धरून मान जराशी डावीकडे केली असती — एवढीच, ही एवढीशी — तर दिसले असते ना बाबा? मी रिमोट धरून बसले.

डॉक्टरांना सांगायला हवं ना? चहापासून नाही म्हणून. पण सांगितलं आणि ते म्हणाले, उशीर झाला, आता औषध देता येत नाही — तर? आणि नाही सांगितलं, आणि चुकीचं दिलं — तर? तुम्ही असतात तर — हो. हो, खरंय. जाते. हा फोन धरा जरा, लावलेलाच आहे, कापू नका. सिस्टर! सिस्टर, ऐका ना — ते चंद्रभागाबाईंचं, मघाशी चहाच्या वेळेपासून सांगितलं ना मी, ते तसं नाही. दुपारच्या जेवणापासून. ताटातली डावीकडची चटणी दिसत नव्हती, तेव्हापासून. हो, मुलगी मीच. नक्की. मीच वाढलं होतं ताट.

गेल्या आत. तुम्हाला काही कळलं का, त्यांच्या तोंडावरून? मलाही नाही. द्या तो फोन इकडे. थंड पडलेत ना हात माझे? तुमचे ऊन आहेत. आत कोण आहे तुमचं, मावशी? मी विचारलंच नाही, मघापासून आपलंच — अहो, थांबा. थांबा, उचलला. हॅलो? दादा? ... हो, मीच ... हो ... हो रे, आलं चित्र. कडेपर्यंत आलं. बाबापण ... दादा, आता आईचं ऐक. तू कुठे उभा आहेस?