मुक्ताबाई बेलापूर सोडताना

आजच्या सभेचे अध्यक्ष, बेलापूरचे वडीलधारे काकासाहेब. स्वतःच्या देणग्यांचा उल्लेख ज्यांना मुळीच खपत नाही आणि तरी मी तो करणारच आहे, ते आडतव्यापारी राधाकृष्णशेठ. ज्यांच्यासाठी आपण सारे कामधाम टाकून आलो त्या आमच्या आदरणीय मुक्ताबाई. आणि संगमनेरपासून पुणतांब्यापर्यंतच्या बालवाड्या, वसतिगृहं, महिला मंडळं यांतून आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

माझं नाव सूर्यभान. ऊसतोडणीसाठी पूर्वेकडून येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी पुणतांब्याजवळ आमचं एक लहानसं वसतिगृह आहे, त्याचा मी चिटणीस. मी वक्ता नाही. आज तर बोलू नये असंच सकाळपासून वाटतं आहे. पण पत्रिकेत नाव छापून गेलं, आणि काकासाहेबांनी ते मघाशी मोठ्यानं वाचलंसुद्धा.

बाई नेमकं काय करतात, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं म्हटलं तर पंचाईत होते. त्यांना कुठलं पद नाही, पगार नाही, दारावर पाटी नाही. पण या भागात ज्याला काही द्यायचं असेल तो आधी बाईंना विचारतो, कुठं देऊ? आणि ज्याला मागायचं असेल तोही बाईंनाच विचारतो, कसं मागू? संस्था काढणं सोपं असतं हो. हारतुरे होतात, फीत कापली जाते, फोटो निघतो. पुढं ती चालवायची कशी, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते बाईंनी शिकवलं.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. वसतिगृह नुकतं सुरू झालं होतं आणि देणगीदारांसमोर करायचं भाषण मी पाठ करून गेलो होतो. त्यात राष्ट्र होतं, उद्याचे नागरिक होते, ज्ञानाची गंगाही होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज सकाळी पोरांनी काय खाल्लं?" मला सांगता येईना. मी म्हणालो, ते स्वयंपाकीणबाई बघतात. तर म्हणाल्या, "मग देणगी मागायला त्यांनाच पाठवा. तुम्ही कशाला येता?" मी तणतणत परत गेलो. आठवडाभर बाईंचं नाव काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात जाऊन उभा मात्र राहिलो. तेव्हापासून रोज राहतो.

आता शेठजी, तुमची पाळी. शेठजींना वडिलांच्या स्मरणार्थ आमच्या वसतिगृहाला कमान बांधून द्यायची होती. दगडी, दोन्ही बाजूंना हत्ती, वर वडिलांचं नाव. आम्ही तर हुरळून गेलो होतो. बाई शेठजींच्या पेढीवर गेल्या आणि म्हणाल्या, "शेठ, कमानीखालून पोरं दिवसातून दोनदा जातील. संडास नाही म्हणून ओढ्याकडे किती वेळा जातात, ते विचारा." शेठजींचा चेहरा त्या वेळी ज्यांनी पाहिला ते भाग्यवान. वडिलांचं नाव संडासावर कसं घालणार? बाई म्हणाल्या, "नाव नका घालू. वडलांना कळेल." आज आमच्याकडे पक्के संडास आहेत, न्हाणीघर आहे, पाहुण्यांसाठी एक खोलीही आहे, आणि कशावरही नाव नाही. शेठजी हसताहेत. तेव्हा हसले नव्हते.

पण बाईंचा एक शिरस्ता होता. ज्या संस्थेला सल्ला द्यायचा, तिथलं काही तोंडात घालायचं नाही. जेवण नाही, चहा नाही. आपली भाकरी फडक्यात बांधून आणायची आणि बाहेर झाडाखाली बसून खायची. मी एकदा रागावलो, तर म्हणाल्या, "तुमचं खाल्लं की तुमच्या तोंडावर खरं बोलायला जीभ रेटत नाही." आम्हाला त्याचं फार कौतुक वाटायचं. दुसऱ्या गावच्या लोकांना आम्ही ते अभिमानानं सांगायचो.

त्या कौतुकात काय झालं, ते आता सांगतो. आपल्याकडे दारात कुणीही आलं, तरी पहिला प्रश्न जेवणाचा असतो. परका असो, वैरी असो, विचारायची रीत आहे. बाईंना आम्ही तो प्रश्न विचारायचा सोडून दिला. त्या आपलं आणतात, आपलं खातात, मग त्यांना कशाला काय लागणार? त्यांच्या घरी कसं चालतं, कोण आहे, कोण नाही, यातलं काही आम्ही कधी विचारलं नाही. घरी शिलाई मशीन आहे एवढं ठाऊक होतं. बाईंना शिवणाची आवड आहे, असं आम्ही समजत होतो.

दिवाळीनंतर कानावर आलं की बाई बऱ्हाणपूरला भाच्याकडे निघाल्या. आम्ही लगेच समिती नेमली. समिती नेमण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. "प्रदीर्घ सेवेनंतर विश्रांतीसाठी प्रस्थान." वाक्य मला आवडलंही होतं.

काल ती पत्रिका द्यायला बाईंच्या खोलीवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेलो. बोलणं नेहमी संस्थेत व्हायचं, नाहीतर पेढीवर. दारात शेजारच्या रतनबाई बसल्या होत्या. त्यांनी पत्रिका हातात घेतली, नातवाकडून वाचून घेतली आणि मला म्हणाल्या, "इश्रांती कसली वो भाऊ? दुस्काळात कुनी झंपर शिवायला टाकलं न्हाई, मशीन बंद पडल्यालं. आन आता घरमालकाला खोली पायजे. ती बाई इश्रांतीला न्हाई चालली. तिला ऱ्हायाला जागा न्हाई म्हून चाललीय."

मी आत गेलो. दोन बोचकी बांधून ठेवली होती. मशीन दिसलं नाही. मी विचारलं नाही, आणि बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायलो, सभेला या म्हणालो आणि बाहेर पडलो. मंडळी, मला त्या चहाची लाज वाटते आहे. गेल्या वर्षी दुष्काळात माणसं खडी फोडायच्या कामावर होती, पोरं सरकारी सुकडीवर जगत होती, आणि बाई आमच्याकडे येऊन पोरांचं दूध बंद पडू नये म्हणून कुणाकुणाचे उंबरे झिजवायचे ते मला समजावत होत्या. मी त्यांनी सांगितलेलं सगळं नीट लक्षात ठेवलं. झाडाखाली त्यांच्या फडक्यात भाकरी असते का, हे पाहायला काही मी उठून गेलो नाही.

काल रात्री आमच्या कार्यकारिणीची बैठक झाली. सर्वानुमते ठरलं की वसतिगृहातली पाहुण्यांची खोली बाईंना कायमची द्यायची आणि ते या सभेत जाहीर करायचं. आत्ता भाषणाच्या शेवटी मी ते सांगायचं, आणि तुम्ही...

थांबा. टाळ्या नकोत. कृपा करून थांबा.

बाईंनी पदर पुढं ओढून घेतला आहे. इकडे बघतही नाहीत.

अध्यक्ष महाराज, मी हे काय करून बसलो? शेठजींनी एकदा वह्या वाटायला म्हणून पोरांची रांग लावली होती, तेव्हा बाई आम्हाला बाजूला घेऊन बोलल्या होत्या की घेणाऱ्याला लोकांसमोर उभं केलं की त्याला नको म्हणायचीही सोय उरत नाही. आणि मी आज त्यांनाच उभं केलं. त्यांच्या घरातली गोष्ट, जी त्यांनी मला स्वतःहून सांगितलीसुद्धा नव्हती, ती मी भरल्या सभेत सांगितली. माझी लाज हलकी व्हावी म्हणून सांगितली, दुसरं काही नाही. बाई, मी तुमच्याकडं वळून हात जोडतो.

बाई काही म्हणताहेत. मागं ऐकू जात नसेल, म्हणून मी सांगतो. म्हणताहेत, "सूर्यभान, खोली ठरवलीत, सभा ठरवलीत, माझ्या घरचं सगळं सांगून झालं. मला काय पाहिजे ते कुणी विचारलं का?"

नाही विचारलं, बाई. आता विचारतो. सभेत विचारतो आहे, हे चुकीचंच आहे, तरी विचारतो. नको असेल तर सांगू नका. तुम्हाला काय पाहिजे?

मंडळी, शांत बसा. बाई बोलताहेत.

म्हणताहेत, "मला बऱ्हाणपूरला जायचं नाही."

एवढंच म्हणाल्या. आणि तेही मान खाली घालून. दुसऱ्यांसाठी ताठ मानेनं मागायला त्यांनी आम्हाला शिकवलं, आणि स्वतःसाठी एवढं एक मागताना त्यांचा आवाज मला तीन हातांवर असूनही नीट ऐकू आला नाही. आपण जमलेल्या इतक्या संस्था, इतकी समाजसेवा, आणि या बाईवर आपण ही वेळ आणली. मला तुमच्याकडे बघवत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही माझ्याकडे बघवत नसणार.

अध्यक्ष महाराज, माझी एक विनंती आहे. हार, शाल, श्रीफळ सगळं बाजूला ठेवावं. जी बाई जाऊ इच्छित नाही तिला निरोप कसा द्यायचा? टेम्पोवाला मच्छिंद्र मागं दाराशी उभा आहे. मच्छिंद्रा, उद्या सकाळी बाईंचं सामान न्यायला येऊ नकोस. खोलीचं, मशीनचं, भाड्याचं काय ते मी सभा संपल्यावर बाईंकडे एकटा जाऊन बोलेन. त्या म्हणतील ते होईल. त्या नको म्हणाल्या तर तेही होईल. तुम्ही कुणी मागं येऊ नका, आणि उद्या मला काय ठरलं म्हणून विचारूही नका.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, शेठजींनी माझी थट्टा सोसली, आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलं, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात नावं मागंपुढं झाली असतील, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुठं शब्द वावगा गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. पण बाईंना आम्ही कधी जेवलात का म्हणून विचारलं नाही, ते मात्र पोटात घालू नका. बाईंनी माफ केलं तरी तुम्ही करू नका.