पडद्यावरचा मनोरा

बायको – अहो, रांग पुढे गेली. चार पावलं टाका.

नवरा – जाऊ दे.

बायको – जाऊ दे काय? सकाळपासून उभे आहोत. मागचा छत्रीवाला आता तुमच्या पाठीत छत्री खुपसेल. पाय भरून आले का?

नवरा – पाय कालच गेले. अगं, तो घुमटाशेजारचा मनोरा बघ.

बायको – बघितला. चांगला आहे.

नवरा – कुठल्या बाजूला आहे?

बायको – आहे तिथेच आहे.

नवरा – उजवीकडे आहे. आणि आपल्या फोटो स्टुडिओतल्या पडद्यावर?

बायको – पाणी घ्या थोडं.

नवरा – डावीकडे! माझ्या हाताने रंगवलाय. चाळीस वर्षं गावातलं एकेक नवं जोडपं त्या पडद्यापुढे उभं केलं. ‘हनुवटी वर, जगात एकच आहे हे, जरा हसा!’ आणि सगळं उलटं.

बायको – मागच्या बाजूने तसंच दिसत असेल.

नवरा – पडद्यावर पायऱ्या आहेत, मागे पायऱ्याच नाहीत. मला नको शिकवूस. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटी लागली. खोलीत अंधार करून कापडावर तिचा उजेड पाडला आणि रेघा मारत सुटलो.

बायको – मग टीव्हीवर, कॅलेंडरांवर इतक्यांदा दिसलं, तेव्हा?

नवरा – तेव्हा वाटायचं, यांनीच उलटं छापलंय.

बायको – म्हणजे साऱ्या जगाचे छापखाने उलटे, आणि आपला पडदा तेवढा सुलटा!

नवरा – हस. हसून घे. घरी गेल्यावर पहिल्यांदा तो पडदा उतरवून जाळतो. चल, खोलीवर जाऊ.

बायको – आत न जाता? आयुष्यभर इथे यायचं, हेच एक म्हणत होतात ना?

नवरा – आता कुठल्या तोंडाने जाऊ?

पहारेकरी – आजोबा, रांगेत आहात की बाहेर? मध्येच थांबू नका.

बायको – रांगेतच आहोत. जरा दम घेतोय.

पहारेकरी – दम आत जाऊन घ्या. पंधरा मिनिटांत दार बंद. मग उद्या.

बायको – उद्या आमचं परतीचं विमान आहे हो.

पहारेकरी – मग लवकर ठरवा. मला दोन्ही सारखंच.

नवरा – आपल्या गावचं कुणीतरी इथे आलंच असेल. त्यांनी पाहिलं असेल.

बायको – अकरा जण.

नवरा – काय अकरा?

बायको – येऊन गेलेले. माझ्या माहितीतले. त्यातल्या नऊ जणांनी स्वतःचेच फोटो काढले, मनोऱ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बँकेतले साहेब आणि शाळेतल्या बाई, या दोघांना कळलं. दोघांनाही आत बसवून चहा पाजला आणि सांगितलं, यांच्याजवळ बोलू नका.

नवरा – कधीची गोष्ट?

बायको – साहेबांची बावीस वर्षांपूर्वीची. बाईंची त्यानंतरची.

नवरा – बावीस वर्षं! म्हणून मी इथे येऊ म्हटलं, की तुझा गुडघा…

बायको – गुडघा दुखतो तो खराच. तिकिटांचा विषय निघाला की जरा जास्त.

नवरा – आणि ते गळकं छप्पर? तुझ्या बहिणीचं ऑपरेशन?

बायको – छप्पर गळत होतं. बहिणीचं मात्र तिला विचारू नका.

नवरा – मग यंदाच बरी कबूल झालीस?

बायको – थकले हो. लेकीने तिकिटंच हातात ठेवली, नवं कारण सुचेना. म्हटलं, तसंही यांना आता लांबचं कुठे दिसतंय.

नवरा – अगं, गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढला ना माझा!

बायको – तेच तर. आणि मीच मागे लागून काढायला लावला.

[रांग त्यांना वळसा घालून पुढे सरकते.]

नवरा – साहेब मनात हसले असतील मला.

बायको – साहेब गेले, तेव्हा भिंतीवर लावायला त्यांच्या मुलाने आपल्याकडचाच फोटो मोठा करून नेला. जोडीचा, पडद्यापुढचा. अख्ख्या कपाटात वडलांचा हसरा फोटो तेवढाच सापडला म्हणाला.

नवरा – आणि बाई?

बायको – इथून परतल्यावर वर्षभरात नातीला घेऊन आल्या होत्या. तुम्ही साधा निळा पडदा सोडायला लागलात, तर म्हणाल्या, नको, तोच सोडा.

नवरा – आठवतंय. मला वाटलं, त्यांना चित्र आवडलं.

बायको – मग आवडलंच की.

पहारेकरी – आजोबा, शेवटची पाच मिनिटं.

नवरा – पाय फार दुखतायत का तुझे?

बायको – दुखतायत.

नवरा – माझेही. हात धर, हळूहळू आत जाऊ. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही.